जोडून सांगितलेला आकडा

“घरातलं नेट त्यांच्या तपासणीत पास झालं तर आपण इथेच राहू,” सून म्हणाली. “नाही झालं तर मला चिमणीला घेऊन तिकडे जावं लागेल, आई.”

भांडी पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करूनच तिनं हे सांगितलं. तिला नोकरी लागली होती. डॉक्टर लोक रोग्यांविषयी जे बोलून ठेवतात ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. घरी बसून करता येण्यासारखं काम, पण घरचं वायफाय कंपनीच्या पसंतीला उतरलं तरच. नाहीतर आठ तासांच्या अंतरावर कंपनीचं मोठं ऑफिस होतं, तिथे जाऊन बसायचं. तपासणी पुढच्या गुरुवारी, सकाळी अकरा ते साडेअकरा.

माझा मुलगा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. एका इमारतीच्या गच्चीवर, हातात पाना असतानाच त्याचं हृदय थांबलं. मागे राहिलो आम्ही तिघी: मी, सून आणि सात वर्षांची नात, जिला सगळे चिमणीच म्हणतात. त्यातल्या दोघी गेल्यावर या घरात काय उरेल, ते मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

“राउटर मी आणते,” मी म्हणाले.

“तुम्ही?”

“का? चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. अख्खं शहर जोडून देत होते, तीन खोल्या जोडता येणार नाहीत?”

ती हातातली ताटली जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

एकोणीसशे एकोणसत्तर साली, वयाच्या विसाव्या वर्षी मी एक्स्चेंजमध्ये लागले. भिंतभर लाकडी बोर्ड, त्यात ओळीनं भोकं, प्रत्येक भोकावर इवलासा दिवा. दिवा लागला की दोरीचं टोक आत घालायचं, “नंबर?” म्हणायचं, आणि दुसरं टोक हव्या त्या भोकात. आम्ही अकरा जणी उंच स्टुलांवर बसायचो आणि पाठीमागून मोठ्या बाई फेऱ्या मारायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “आकडा जोडून म्हणायचा नाही. तेवीस नाही, दोन तीन. ओळीवर खरखर असते, बावन्नचे बावीस व्हायला वेळ लागत नाही.” महिनाभरात ते इतकं अंगवळणी पडलं की मी भाजीवाल्यालाही बाराऐवजी “एक दोन” रुपये सुट्टे मागायला लागले होते. एक म्हातारे गृहस्थ रोज दुपारी नुसती वेळ विचारायला फोन करायचे. त्यांच्या घरी घड्याळ होतं, मागे टोले ऐकू यायचे. तरी आम्ही वेळ सांगायचो, आणि ते “आभारी आहे, मुली” म्हणायचे. चौतीस वर्षांत माझ्या हातून दोनच जोडण्या चुकल्या. दोन्ही मला तारखेसकट आठवतात.

तर दुकानात मी गेले ती अशी ताठ मानेनं. दुकानदाराला सगळे वायरवाले म्हणतात. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर.

“या आजी. चार्जर हवाय?”

“आजी घरी. इथे गिऱ्हाईक. राउटर दाखवा.”

त्यानं चष्मा खाली ओढून मला नीट बघितलं आणि तीन खोकी काढली. एक दोन अँटेनांचा, एक चार, आणि एक आठ. आठवाला उताण्या पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता.

“हा काय मिरवणुकीत न्यायचाय?” मी म्हणाले.

“घर केवढं?”

“तीन खोल्या, एकीमागे एक. भिंती अशा की खिळा ठोकला तर खिळाच वाकतो.”

“मग चारवाला न्या. मधल्या खोलीत ठेवा, उंचावर. जवळ लोखंडी कपाट नको, मोठा आरसा नको. आणि कृपा करून झाकून ठेवू नका. लोक वर रुमाल घालतात हो, नवरीसारखा. आणि फोनमध्ये दोन नावं दिसतील. एक लांबवर पोचतं पण सावकाश. दुसरं सुसाट, पण भिंत आली की दमतं.”

“थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ.”

तो इतका हसला की चष्मा पुन्हा कपाळावर गेला. “तुम्ही दुकानात बसायला या, आजी.”

नेटच्या कंपनीचा माणूस आधीच येऊन केसासारखी बारीक तार भिंतीतून आत सोडून गेला होता. ती मी चिमणीकडून राउटरमध्ये खोचून घेतली. टक् असा आवाज आला. तो आवाज मला ओळखीचा वाटला आणि उगीचच बरं वाटलं. दिवा लाल, मग पिवळा, मग हिरवा. फोनवर पान उघडलं. त्यानं नाव विचारलं, मी ‘चिमणीचं घर’ दिलं. त्यानं पासवर्ड मागितला, निदान आठ खुणांचा, अक्षरंही हवीत आणि आकडेही. चिमणीच्या नावाची इंग्रजी सहा अक्षरं झाली. उरलेल्या दोन जागांवर मी एकोणसत्तर घातले. दुसरं काही मनातच आलं नाही.

मधल्या खोलीत सिग्नल भरून वाहत होता. मागच्या खोलीत, जिथे सून काम करणार होती, तिथे एकच बारीक रेघ. दोन खोल्यांमधल्या भिंतीला मुलाचं लोखंडी कपाट टेकलेलं होतं. सून बाहेरून आल्यावर आम्ही दोघींनी ते सरकवायला घेतलं. ती एका बाजूनं, मी दुसऱ्या, चिमणी मधे घुसून “जोर लावा” म्हणत होती. खणांत त्याची हत्यारं खणखणली.

“हळू,” सून म्हणाली. “लागेल.”

कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कपाट खिडकीखाली गेलं आणि फोनवर सगळ्या रेघा भरल्या. चिमणी नाचायला लागली. आम्ही तिथेच, धुळीत उभ्या राहून चहा प्यायलो. ती लग्न होऊन आल्यापासूनच्या नऊ वर्षांत आम्ही दोघींनी मिळून काही केलं असेल तर ते एवढंच. तिच्या कपाळावर कपाटाचा गंज लागला होता. पुसावा असं मनात आलं, पण हातात कप होता.

मंगळवारी तिचा फोन आला. कंपनीच्या इथल्या छोट्या ऑफिसात ती लॅपटॉप घ्यायला गेली होती. तो लॅपटॉप म्हणजे कुलूपबंद पेटी. घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड ते तिथेच आत भरून देतात, नंतर घरी कुणाला त्यात बोट घालता येत नाही. रोग्यांची माहिती असते ना आत.

“आई, पासवर्ड सांगा ना पटकन.”

मी एक्स्चेंजच्या आवाजात सांगितला. अक्षरं एकेक, सुटी, मधे श्वास घेऊन. सहा अक्षरं झाली. “आणि पुढे एकोणसत्तर.”

“एकोण... आई, आकडे सुटे सांगा ना.”

तिचं शिक्षण सगळं इंग्रजीत. मराठी आकडे पन्नासापुढे गेले की तिची गाडी घसरते, हे मला माहीत होतं. चिमणीचे पाढे घेताना मी ते किती वेळा ऐकलं होतं, आणि किती वेळा हसले होते.

“अगं, एकोणसत्तर! एवढं मराठी येत नाही? चिमणीला येईल विचारलंस तर. लोकांची दुखणी टाइप करणार म्हणे.”

तिच्या मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

“बरं,” ती म्हणाली. “कळलं.”

फोन ठेवून मी भाजी निवडायला बसले. मला काहीच वाटलं नाही. खरं सांगते, काहीच नाही.

गुरुवारी साडेदहालाच आम्ही मागच्या खोलीत जमलो. चिमणीला शाळेत पाठवलं होतं. लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि खाली अक्षरं आली: जोडणी होऊ शकली नाही.

“थांब, मी बंद करून चालू करते,” मी म्हणाले. राउटर बंद केला, तीस मोजले, चालू केला. लाल, पिवळा, हिरवा. गोल फिरला. जोडणी होऊ शकली नाही.

“माझ्या फोनवर तर सगळ्या रेघा आहेत,” सून म्हणाली.

“धाकटी जाऊ दमली असेल. दुसरं नाव धरतंय का बघ.”

“मला काही निवडताच येत नाही यात, आई. तो आपला आपणच जोडतो.”

मी राउटर शेल्फावरून उतरवला आणि वायर पुरेल तिथपर्यंत, उंबऱ्यापाशी, स्टुलावर आणून ठेवला. मग स्टुलाखाली उशी घातली. अँटेना उभ्या केल्या, आडव्या केल्या, शेवटी एक हातात धरून उभी राहिले. अकरा वाजून बारा. वायरनं जोडावं तर त्या लॅपटॉपला वायरीचं भोकच नव्हतं. सुनेनं कंपनीला फोन लावला. “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” आणि मग बासरी. आम्ही माणसाला इतका वेळ ताटकळत ठेवलं असतं तर मोठ्या बाईंनी स्टुलावरून उठवून घरी पाठवलं असतं. तेही मी तिला सांगितलं.

“आई, प्लीज,” ती म्हणाली. फोन कानाला, डोळे पडद्यावर.

अकरा एकोणतीसला बासरी चालूच होती. साडेअकराला गोल थांबला. तपासणी अपूर्ण. आपला अर्ज मुख्य कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. सुनेनं ते दोनदा वाचलं, लॅपटॉप मिटला आणि झाकणावर हात ठेवून बसली. मी अजून अँटेना धरून उभीच होते.

“सोडा आता ते, आई.”

पुढचे दिवस घरात बोलणं नव्हतं, खोकी होती. चिमणीच्या शाळेतून दाखला आला. मी दर सकाळी ठरवायचे की आज राउटर खिडकीबाहेर फेकायचा, आणि दर सकाळी त्याचा हिरवा दिवा बघून आणखी संताप यायचा. शेवटी मंगळवारी तो पिशवीत घालून वायरवाल्याकडे गेले.

“तुमच्या या खेळण्यानं माझं घर मोडलं,” मी भर दुकानात म्हणाले.

त्यानं भांडण केलं नाही. राउटर जोडला, स्वतःचा फोन, दुकानातला लॅपटॉप, गिऱ्हाइकाचा टॅब, सगळं लावून बघितलं. सगळं पहिल्या झटक्यात चाललं.

“यात काही खोट नाही, आजी. पासवर्ड नीट घातला होता ना? दहातल्या आठ जणांचं तिथेच अडतं.”

“मी सांगितला होता. मी! चौतीस वर्षं आकडेच सांगितलेत.”

“तुम्ही सांगितलात हो. त्यांनी ऐकला काय?”

घरी आले ती पिशवी उंबऱ्यातच ठेवून थेट मागच्या खोलीत गेले. सून चिमणीला घेऊन चपला आणायला गेली होती. टेबलावर तिची वही पडली होती, कंपनीच्या फोनचे नंबर, पत्ते, वेळा लिहिलेली. गेल्या मंगळवारच्या पानावर तिच्या सुबक अक्षरात चिमणीचं नाव इंग्रजीत होतं. त्यापुढे ७९.

मी खाली बसले. एकोण आणि सत्तर. नऊ आणि सत्तर. तिच्या हिशेबानं बरोबरच होतं. ज्याला कुणी लहानपणी घोकून घेतलं नाही, त्याला एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी हे कसं कळावं? अक्षरं मी सुटी सांगितली होती. आकडा तेवढा जोडून सांगितला, कारण माझ्यासाठी तो आकडा नव्हताच. ते साल होतं. उंच स्टूल, अकरा जणी, माझे काळे केस. सालाचे कुणी दोन तुकडे करतं का? आणि तिनं मागितले होते. तिनं स्वच्छ शब्दांत सुटे आकडे मागितले होते.

वही उघडी ठेवून मी बसून राहिले. वाटलं, पान फाडून टाकावं. तिला वाटू दे की यंत्रच बिघडलेलं होतं. मग वाटलं, सांगितलं तर अजून काही होईल, ती कंपनीला कळवेल, चूक एवढ्या दोन आकड्यांची होती म्हणेल, ते पुन्हा तपासणी घेतील. या आशेनंच मी ते पान फाडलं नाही. चांगुलपणानं नाही.

ती आली तशी मी उठले. “अगं, सापडलं! तू एकोणऐंशी लिहिलंस. माझा एकोणसत्तर होता, सहा आणि नऊ. लगेच फोन कर त्यांना. राउटर ठणठणीत आहे, वायरवाल्यानं तपासलाय.”

तिनं चिमणीला नव्या चपला घालून पुढच्या खोलीत पाठवलं. मग दार लोटून घेतलं.

“मला माहीत आहे, आई.”

“काय माहीत आहे?”

“गुरुवारी दुपारीच कळलं मला. माझ्या फोनमधलं वायफाय पुसून मी वहीत बघून पासवर्ड घातला, तर लागेना. मग एकोणसत्तर म्हणजे किती ते फोनवर शोधलं आणि सहा नऊ घातले. लागलं.”

“मग? त्यांना सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. सोमवारी पुन्हा घेऊ म्हणाले.”

“सोमवार तर काल गेला.”

“हो.”

बाहेर चिमणी चपलांनी फरशीवर टप टप करत होती. मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नसेल.

“मी नको म्हणाले त्यांना,” सून म्हणाली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. “त्या दिवशी ऑफिसात माझ्या मागे चार जण रांगेत होते. मला आकडा कळला नव्हता, आणि कळला नाही हेही मला कळत होतं. पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, जाऊ दे, असेल हाच.” तिनं टेबलावरचं पेन उचलून त्याला टोपण लावलं. “मी नऊ वर्षं हेच करते, आई. तुम्हाला काही विचारायचं तर आधी मनात दोनदा म्हणून बघते. कुठला टॉवेल घेऊ, दूध किती ठेवू, चिमणीला ताप आहे तर उठवू का तुम्हाला. तो होता तेव्हा त्याला विचारायचे. तो तुम्हाला विचारायचा आणि मला येऊन सांगायचा. तुम्हाला माहीत होतं का हे?”

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मुलगा माझ्या खोलीत येऊन बसतो तो माझ्याशी बोलायला. दूध किती ठेवायचं, टॉवेल कुठला, असलं काहीबाही विचारत बसायचा, आणि मी मनात म्हणायचे, लग्न झालं तरी आईवाचून चालत नाही याला.

“मी मनात काही ठेवून बोलत नाही गं,” मी म्हणाले. “माझं तोंड तसं आहे.”

“माहीत आहे. तुम्ही वाईट नाही आहात.” तिनं माझ्या हातातून वही घेतली, मिटली आणि खोक्यात घातली. “पण दिवसभर कान लावून दुसऱ्याचं ऐकायचं काम आहे माझं. त्यानंतर घरात तरी न घाबरता ऐकायचंय मला. आणि चिमणीही आता दोनदा मनात म्हणून मग विचारते. लक्ष दिलंत तर दिसेल तुम्हाला, ओठ हलतात तिचे.”

शुक्रवारी सकाळी गाडी आठला येणार होती. सात वाजता मी स्वयंपाकघरात गेले, तर सून वाटेसाठी डबे भरत होती. केस ओले, कपाळावर घाम. गेले तीन दिवस मी एकच शब्द घोळवत होते. राहा. त्यापुढे काही जोडायचं नाही, कारण द्यायचं नाही, रडायचं नाही, नुसतं राहा म्हणायचं. रात्री अंथरुणात मी तो पुटपुटून बघितला होता, तिनं टॉवेलविषयीचा प्रश्न बघितला असेल तसा. आता ती समोर होती आणि घरात दुसरं कुणी जागं नव्हतं.

मी दारात उभी राहिले. तिनं वर पाहिलं, हात थांबवला. मी काहीतरी म्हणणार हे तिला दिसलं असावं, कारण ती वाट बघत राहिली. चांगली वाट बघितली तिनं.

“झाकणं अशी लावतात होय?” मी म्हणाले. “वाटेत सांडेल सगळं.”

“बरं, आई,” ती म्हणाली. तिनं तिन्ही डब्यांची झाकणं काढली आणि एकेक करून, दाबून, पुन्हा लावली.